पहिलीच थायलंड सहल : थोडं शहर, थोडं रान, थोडं बेट

पहिल्यांदाच थायलंडला जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. ठिकाणांच्या याद्या वेगवेगळ्या असल्या तरी मागणी एकच आहे : बँकॉक बघायचंय, हिरवाईत राहायचंय, समुद्रावर लोळायचंय आणि धावपळ मात्र नकोय. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकच सूचना आधी. यादी करताना ठिकाणं मोजू नका, सलग रात्री मोजा.

प्रश्न : आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा. हाताशी १२ दिवस आहेत. बँकॉक, चियांग माय, फुकेत, क्राबी, फी फी आणि सामुई एवढं ठरवलं आहे. बसेल का?

बसेल, पण ती सहल न राहता हमाली होईल.

आधी हिशेब करा. १२ दिवसांच्या ११ रात्री. भारतातून निघणारी बरीच विमानं रात्रीची असतात, म्हणजे एक रात्र खुर्चीत गेली. उरल्या १०. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे चार-साडेचार तासांच्या प्रवासात झोप अशी होतच नाही. सकाळी सात-आठला हॉटेलच्या दारात उभे राहाल, तर खोली दुपारी दोनला मिळणार. सामान ठेवून घेतात, त्याला अडचण नसते. पण हा पहिला दिवस बघण्याचा म्हणून धरू नका.

आता मुक्काम बदलण्याची किंमत बघा. खोली ११-१२ला सोडायची आणि पुढची २-३ला मिळायची. मधलं अंतर तासाभराचं असलं तरी आवराआवर, गाडीची वाट, धक्क्यावरची रांग, पुन्हा खोलीची वाट यांत पाच-सहा तास जातात. तुमच्या यादीत सहा ठिकाणं आहेत, म्हणजे पाच वेळा हलणं आलं. दहातले पाच दिवस बॅगांच्या सोबतीत जातील.

आमची मांडणी अशी : बँकॉक २ रात्री, खाओ सोकचं जंगल ३, एकच बेट ४, आणि परतीच्या आदली १ रात्र पुन्हा बँकॉक. झाल्या दहा. बँकॉकला दोन्ही वेळा एकाच हॉटेलात उतरा आणि मोठी सुटकेस तिथेच ठेवून दक्षिणेला पाठीवरच्या पिशव्या घेऊन जा. हॉटेलं सहसा नाही म्हणत नाहीत, पण खोली आरक्षित करतानाच लेखी विचारून घ्या. थायलंडातल्या स्वस्त देशांतर्गत विमानांत तिकिटासोबत बहुधा ७ किलोचंच हातसामान मिळतं, त्यामुळे ही युक्ती पैसेही वाचवते.

चियांग माय का गाळलं? जागा सुंदर आहे, पण ती बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटरवर आणि बेटं दक्षिणेला. खाओ सोक मात्र सुरत थानी प्रांतात, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या समुद्रांच्या मधोमध, बेटांच्या वाटेवरच आहे. डोंगराळ उत्तरेचाच ओढा असेल तर खाओ सोकच्या जागी चियांग माय घ्या, पण तिथून बँकॉकला परतू नका. चियांग मायहून फुकेत, क्राबी आणि सामुईला थेट विमानं असतात. आणि मुक्काम जुन्या शहरात न ठेवता शहराबाहेर मे रिम किंवा चियांग दाओच्या बाजूला ठेवा, नाहीतर एका शहरातून निघून दुसऱ्या शहरात गेल्यासारखं होईल.

फी फीला राहायचा हट्ट सोडलात तर क्राबी किंवा लांता बेटाहून दिवसभराच्या बोटीने ते बघता येतं.

प्रश्न : मुलांच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. दोन्हींपैकी कधी जावं?

आधी महिना ठरवा, मग त्या महिन्याला मानवणारा समुद्र निवडा. लोक हे उलटं करतात, फोटो बघून बेट निवडतात आणि मग खोलीच्या खिडकीतून चार दिवस पाऊस बघतात.

थायलंडच्या दक्षिण शेपटीला दोन किनारे आहेत. पश्चिमेला अंदमान समुद्र : फुकेत, क्राबी, फी फी, लांता. पूर्वेला थायलंडचं आखात : सामुई, फांगान, ताओ. मधे डोंगरांची रांग. कोकण भिजत असताना घाटापलीकडे ऊन पडलेलं असतं, तोच प्रकार. नैऋत्य मोसमी वारे मे ते ऑक्टोबर पश्चिम किनारा झोडपतात आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या सामुईला त्या काळात तुलनेने कोरडं असतं. पुढे वारे ईशान्येकडून फिरतात, आखातावरून बाष्प उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर सामुई-फांगानला धुऊन काढतात. नोव्हेंबर तिथला सर्वांत ओला महिना.

म्हणून मे महिन्यात जायचं तर आखातातली बेटं. दिवाळीत जायचं तर अंदमानची बाजू. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर तिथेही पाऊस पूर्ण ओसरलेला नसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आली तर उत्तम. जानेवारीचा शेवट ते मार्च दोन्ही किनारे चालतात, पण गर्दी आणि भाडी चढलेली असतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. को चांग, को माक, को कुत ही बेटं नकाशावर आखातातच दिसतात, पण ती कंबोडियाच्या बाजूला असल्याने नैऋत्य पावसाच्या तोंडावर येतात. ‘मे महिन्यात आखात’ हा नियम त्यांना लावू नका.

पावसाळ्यात अंदमान किनाऱ्याला, विशेषतः फुकेतच्या पश्चिमेच्या पुळणींवर, आत खेचणारा प्रवाह असतो. लाल झेंडा लागला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये. आभाळ निरभ्र असलं म्हणून समुद्र शांत असतो असं नाही. काही सागरी उद्यानं तर या काळात बंदच असतात. सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, आणि फी फीजवळची प्रसिद्ध माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

उत्तरेचा विचार असेल तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल टाळा. शेतातला पालापाचोळा आणि जंगल जाळल्याचा धूर दरीत कोंडतो. डोंगर दिसत नाहीत आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. १३ ते १५ एप्रिल हे सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचे दिवस. रस्त्यावर पाण्याची धमाल असते, पण अर्धा देश गावी निघालेला असतो. त्या आठवड्याची गाडीची तिकिटं आयत्या वेळी मिळत नाहीत.

प्रश्न : बँकॉकहून खाओ सोक आणि तिथून बेट हा प्रवास स्वतः जुळवता येईल का? कुठे चुकू शकतं?

येतो. बिनसतं ते सहसा सुरत थानी या नावापाशी. शहर एकीकडे, रेल्वे स्थानक दुसरीकडे आणि बोटींचा धक्का तिसरीकडे अशी तिथली रचना आहे. (हे नाव आपल्या ओळखीचं वाटलं असेल तर बरोबरच आहे. १९१५ मध्ये राजा वजिरावुध यांनी ते गुजरातच्या सुरतेवरून ठेवलं आणि तिथल्या नदीला नाव दिलं तापी.)

रेल्वेने जायचं असेल तर लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवत या नव्या टर्मिनसवरून सुटतात. हुआ लाम्फोंग हे जुनं स्थानक अजून नकाशांत आणि जुन्या माहितीत ठळक दिसतं, पण रात्रीच्या गाडीसाठी तिथे जाऊ नका. नवं टर्मिनस मेट्रोच्या निळ्या मार्गावरच्या बांग सू स्थानकाला जोडलेलं आहे.

दुसऱ्या वर्गाचा वातानुकूलित शयनयान डबा घ्या. खालचा बर्थ थोडा महाग, पण चांगला रुंद. वरचा अरुंद आहे आणि त्याला खिडकी नाही. अंथरूण कर्मचारी घालून देतो, प्रत्येक बर्थला पडदा असतो. गारठा मात्र बोचरा असतो, शाल आणि मोजे हाताशी ठेवा. सुरत थानीला मध्यरात्री दोन-तीनला पोहोचणाऱ्या गाड्याही आहेत. तिकीट काढताना सकाळी सहाच्या आसपास पोहोचणारी बघा. तास-दीड तास उशीर नेहमीचा, म्हणून पुढचं वाहन अगदी लागून ठरवू नका. तारखा पक्क्या झाल्या की लगेच रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आरक्षण करा, खालचे बर्थ आधी संपतात. रेल्वेत एक रात्र जाईल हे धरून खाओ सोकच्या तीनपैकी एक रात्र कमी करा.

स्थानक शहरात नाही, फुनफिन गावात आहे, शहरापासून साधारण १२-१३ किलोमीटरवर. आणि खाओ सोक त्याच बाजूला, पश्चिमेला आहे. त्यामुळे शहरात जाण्याची काहीच गरज नाही. स्थानकाबाहेरून थेट खाओ सोकची व्हॅन मिळते, सुमारे दोन तास. विमानाने आलात तर बँकॉकपासून सव्वा तास आणि विमानतळावरूनही व्हॅन मिळते. व्हॅन भरेपर्यंत थांबते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणाला आधी कळवून गाडी मागवलीत तर थोडे जास्त पैसे जातात पण सकाळ वाचते. तिघे-चौघे असाल तर तेच करा.

खाओ सोकहून पुढे दोन वाटा. पूर्वेला सामुई-फांगानसाठी डॉन सकचा धक्का, गाडीने तीन तासांच्या आसपास. तिथून मोटारी वाहणारी मोठी फेरीबोट सामुईला दीड तासात आणि फांगानला अडीच तासांत नेते. पश्चिमेला क्राबी दोन-अडीच तासांवर, लांता त्याहून बरंच पुढे. व्हॅन आणि बोट मिळून एकच जोडतिकीट घ्या; व्हॅनला उशीर झाला तर तोच विक्रेता पुढच्या बोटीत बसवतो. सुटी तिकिटं काढलीत तर उशिराचा भुर्दंड तुमचा. कपड्यावर चिकटवलेला रंगीत स्टिकर बेटावर उतरेपर्यंत काढू नका, अर्ध्या वाटेवर गाड्या बदलताना तीच तुमची ओळख असते.

प्रश्न : खाओ सोकमध्ये तळ्यावर तरंगत्या खोल्या आहेत असं वाचलं. दोन रात्री तिथेच राहिलो तर?

एकच पुरे, बाकीच्या रात्री खाओ सोक गावात.

हे चेओ लान तळं म्हणजे रच्चप्रफा धरणाचा जलाशय, धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं. पाण्यातून सरळ उठणारे चुनखडीचे कडे पहाटे धुक्यात दिसतात, त्यासाठी एक रात्र जरूर राहावं. गावापासून धक्का तासाभराच्या अंतरावर, पुढे लांबशेपटी बोटीने आणखी जवळजवळ तास. या बोटीला लांब दांड्याच्या टोकाला पंखा असतो, त्यावरून हे नाव. इंजिन कानाशी असतं, कापसाचे बोळे घेऊन जा.

साध्या तराफ्यांवर खोली म्हणजे बांबूच्या भिंती, गादी आणि मच्छरदाणी. स्वच्छतागृह सामाईक आणि बरेचदा काठाच्या बाजूला, म्हणजे रात्री हलत्या फळ्यांवरून चालत जायचं. वीज अनेक ठिकाणी फक्त संध्याकाळी जनित्रावर, फोनला रेंज नाही. महागड्या तराफ्यांत पंखा-वातानुकूलन आणि खोलीतच संडास मिळतो. आरक्षण करताना नेमके हेच दोन प्रश्न विचारा, फोटोंवर जाऊ नका. लहान मूल असेल तर जीवरक्षक जाकीट त्याच्या मापाचं आहे का हेही विचारा. खोलीच्या उंबऱ्याबाहेरच खोल पाणी असतं.

सोबत फक्त एका रात्रीची पिशवी, विजेरी, पूर्ण भरलेली पॉवर बँक, रोख पैसे आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्यांना वेगळं असतं आणि ते बरेचदा सहलीच्या दरात धरलेलं नसतं.

पावसाळ्यात पायवाटांवर जळवा असतात, लांब मोजे पँटच्या वरून ओढा. आणि त्या काळात पाण्याच्या गुहेत नेण्याची कोणी तयारी दाखवली तर नको म्हणा. इथल्या नाम तालु गुहेत २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अचानक पाणी चढून पर्यटक आणि वाटाडे बुडाले होते. आत ऊन-पाऊस कळत नाही, डोंगरावर पडलेला पाऊस गुहेत उशिरा पोहोचतो आणि एकदम पोहोचतो.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात आणि बोट लागते. तिला बेटावर नेणं शहाणपणाचं आहे का?

आहे, फक्त बेट तिच्या गुडघ्यांकडे बघून निवडा.

छोट्या बोटींची खरी अडचण चढण्या-उतरण्यात असते. लांबशेपटी बोट पुळणीला लागते तेव्हा मांडीभर पाण्यातून चालत जाऊन उंच काठावर चढावं लागतं. ओहोटीला धक्क्याची पायरी आणि बोट यांत मोठी फट पडते. म्हणून आईसाठी पहिली पसंती लांता. मुख्य भूमीवरून व्हॅनच फेरीबोटीवर चढते, खाडी ओलांडते आणि पुढे लांता नोई ते लांता याई २०१६ पासून पूल आहे. माणसाला गाडीतून उतरावंच लागत नाही. मे महिन्यात जात असाल तर सामुई, डॉन सकच्या मोठ्या फेरीबोटीने. ती रुंद आणि संथ आहे. थोडा वेळ वाचवायला स्पीडबोट घेऊ नका; लाटांवर आपटल्याने कंबर आणि मान दोन्ही धरतात. घ्यावीच लागली तर बसायची जागा मागच्या बाजूला, पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर उपयोगी पडत नाही, बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा. पोटात हलकं काहीतरी असावं, रिकामं पोट अधिक ढवळतं.

खोली ‘समुद्रदर्शन’ अशी दिसली की आधी पायऱ्या किती ते विचारा. बेटांवर असं दर्शन म्हणजे बरेचदा टेकडीवरची झोपडी. आईला पुळणीच्या सपाटीवरची तळमजल्याची खोली हवी, दर्शन चार पावलांवर आहेच.

बँकॉकमध्ये मुक्काम उन्नत रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकापासून पाच मिनिटांत असावा. सगळ्या दारांना उद्वाहक नसतो. कोणत्या दाराला आहे ते हॉटेलला विचारून ठेवा. राजवाडा आणि वाट फो हे देऊळ बघायला मेट्रोचं सनाम चाय स्थानक सोयीचं आहे. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच जा, अकरानंतर फरशी तापते आणि बसायला सावली कमी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर प्रश्नच नाही. वाटेत कोणी ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणालं तर हसून पुढे चला. सहसा बंद नसतो. तो माणूस तुम्हाला रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेणार असतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. उपाशी राहावं लागेल का?

बँकॉकमध्ये मुळीच नाही, बेटावर थोडी तयारी लागेल, तराफ्यावर आधी कळवावंच लागेल.

दोन शब्द पाठ करा. पहिला ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतला हा आहार : मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. सासूबाईंसाठी हाच. (कंदमुळं वर्ज्य असतील तर ते वेगळं सांगावं लागेल, जेमध्ये ती चालतात.) पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं आणि ती साधारण इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसली की ते ‘जे’ दुकान. दुसरा शब्द ‘मंगसविरत’, म्हणजे आपलं संस्कृत ‘मांसविरति’च. यात अंडी आणि दूध चालतं, कांदा-लसूणही.

घोळ मांसाच्या तुकड्यांमुळे होत नाही, मसाल्यामुळे होतो. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी ‘नाम प्ला’ हे माशाचं पाणी पडतं. रश्श्याच्या तयार वाटणात ‘कापी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा आधीच वाटलेला असतो. त्यामुळे ‘भाज्यांचा हिरवा रस्सा’ मागवला तरी वाटण तेच असतं आणि आयत्या वेळी ते काढता येत नाही. साध्या दुकानात रस्सा टाळा आणि परतलेल्या भाज्या, टोफू, भात असं मागवा, कारण ते समोर बनतं. तिथे ‘माय साय नाम प्ला’ म्हटलं की माशाचं पाणी घालत नाहीत. अंडं नको असेल तर ‘माय साय खाय’. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत आणि पाड थाय या परतलेल्या नूडल्समध्ये नाम प्लाखेरीज सुकी कोळंबीही असते, तीही वेगळी सांगा. ही वाक्यं थाई लिपीत हॉटेलच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या. आपल्या उच्चारांवर विसंबण्यापेक्षा ते बरं, कारण थाईत सुराबरोबर अर्थ बदलतो.

नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा हे बिनघोर. तराफ्यावर स्वयंपाकघर एकच आणि सामान बोटीतून येतं, म्हणून ‘जे’ जेवण दोन दिवस आधी सांगा आणि तरी दशम्या-चटणीचा डबा सोबत असू द्या.

प्रश्न : बेटावर भाड्याची स्कूटर घ्यावी का? आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात ना?

डावीकडूनच चालवतात, आणि त्यामुळेच आपल्याला फाजील आत्मविश्वास येतो. दुकानदार परवाना न बघताच किल्ली देतो, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी बघते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शेरा नसेल तर दावा बहुधा फेटाळला जातो आणि रुग्णालयाचं बिल खिशातून जातं. सामुई-फांगानच्या आतल्या रस्त्यांवर चढ तीव्र आहेत आणि वळणावर वाळू पसरलेली असते.

घरी रोज दुचाकी चालवत असाल, कागद पुरे असतील, तर घ्या. हेल्मेट दोघांनाही. पासपोर्ट गहाण ठेवू नका, रोख अनामत द्या. आणि निघण्यापूर्वी जुन्या ओरखड्यांचं चित्रीकरण करा. नाहीतर सोंगथेव आहेच : मागे दोन बाकं टाकलेली पिकअप. दर चढण्यापूर्वी ठरवा.

प्रश्न : कागदपत्रं आणि पैसे यांचं काय?

१५ जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ६० दिवसांची व्हिसामाफी दिली गेली. असे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा खात्री करा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक हवी.

१ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते इंटरनेटवर भरायचं, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलांची आरक्षणं छापून हातात ठेवा, अधिकारी विचारू शकतो. ई-सिगारेट नेऊ नका, थायलंडात ती बेकायदा आहे. सागरी उद्यानात जाणार असाल तर उन्हाच्या मलमाची बाटलीही वाचा. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली मलमं प्रवाळाला मारतात, म्हणून २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानांत त्यांना बंदी आहे.

परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट (थाई चलन) किंवा त्याहून थोडं जास्त शुल्क कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका, एकदाच मोठी रक्कम काढा. यंत्र ‘रुपयांत वजावट करू का’ असं विचारतं, तिथे नाही म्हणा आणि बाटच निवडा. रुपयांचा दर त्यांचा असतो आणि महाग पडतो. रोख बदलायची तर सुवर्णभूमी विमानतळाच्या सामानपट्ट्याजवळ नको. खाली तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकाजवळच्या खिडक्यांत दर चांगला मिळतो.

प्रश्न : परतीचं विमान रात्री ११ला आहे. त्या दिवशी सकाळी बेटावरून निघालो तर एक रात्र वाचेल ना?

बोट सुटली तर वाचेल. लाटा वाढल्या की बंदराचा अधिकारी बोटी थांबवतो, आणि तुमचं आंतरराष्ट्रीय विमान वेगळ्या तिकिटावर असल्याने कोणीही भरपाई देत नाही. त्यात दुसरा खड्डा बँकॉकच्या दोन विमानतळांचा. स्वस्त देशांतर्गत विमानं बरेचदा डॉन मुआंगला उतरतात आणि तुमचं विमान सुवर्णभूमीवरून असू शकतं. दोघांमध्ये शहर ओलांडून चाळीस-पन्नास किलोमीटर अंतर, संध्याकाळच्या वाहतुकीत दोन तासही लागतात. पुढचं तिकीट दाखवलं की दोन्ही विमानतळांमध्ये मोफत बस मिळते, पण तीही त्याच गर्दीतून जाते.

म्हणून शेवटची रात्र बँकॉकची. सामुईहून थेट विमान घेतलंत तर बोटीची काळजी मिटते, मात्र तो विमानतळ एका विमान कंपनीच्याच मालकीचा असल्याने भाडी चढी असतात. सुरत थानीचं तिकीट आणि फेरीबोट मिळून बहुधा स्वस्त पडतं, फक्त दिवसातली दुसरी-तिसरी बोट पकडा, शेवटची नको. बेट आदल्या दिवशी सकाळी सोडलंत तर संध्याकाळपर्यंत बँकॉकच्या हॉटेलात ठेवलेली मोठी सुटकेस हाती येते, आणि ओले कपडे वाळायला एक पूर्ण रात्र मिळते.